परत द्यायच्या वाट्या

आईच्या फडताळात सात भांडी आमची नाहीत. पाच वाट्या, एक झाकणी, एक कडीचा पितळी डबा. चाळीच्या पुनर्विकासाचा करार झाला, खोली महिन्याभरात मोकळी करून द्यायची आहे, म्हणून भांडी मोजायला बसले. एकेक पालथं घालून नाव वाचत गेले. आमच्या भांड्यांवर वडिलांचं नाव आहे. या सातांवर दुसऱ्यांची.

चाळ परळची. मजल्यावर अठरा खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला नळ. मोठ्या माणसांना नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, खोलीच्या नंबरानं ओळख असे. चौदा नंबरच्या मामी, सोळा नंबरची ताई, दोन नंबरची अम्मा. आम्ही अकरा नंबर. या यादीतही मी नंबरच लिहिणार आहे.

दिसेनासं झालेलं लिहून ठेवते. क्रम काही लावलेला नाही.

भांड्यावरचं नाव. भांड्यांच्या दुकानात खरेदी झाली की गिऱ्हाईक लगेच उठत नसे. कोपऱ्यातला माणूस कागदावर लिहून दिलेलं नाव भांड्यावर घालून देई. आधी खिळ्यासारख्या छिन्नीनं, टिंबाटिंबांनी. पुढे विजेचं यंत्र आलं, त्याचा आवाज दाताच्या दवाखान्यातल्यासारखा. नाव, तारीख, कधी कधी प्रसंगही: वास्तुशांत, मुंज, पहिला पगार. चौदा नंबरच्या वाटीवर १९७४ आहे, टिंबांचं. घराबाहेर जाणाऱ्या वस्तूवर पत्ता लागतो आणि वाटी रोज बाहेर जात होती. गेल्या वर्षी मी सहा वाट्या आणल्या. दुकानदारानं नाव घालायचं का, असं विचारलं नाही आणि मलाही आठवलं नाही.

रिकामी वाटी न देणं. काही आलं की भांडं धुवायचं, पुसायचं, आणि आपल्याकडचं काहीतरी घालून परत करायचं. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर. हे पोचवायचं काम मुलांचं. मी सहा वर्षांची असल्यापासून वाट्या पोचवत आले. वर झाकणी, झाकणीवर अंगठा, दारात उभं राहून "आईनं दिलंय" एवढंच म्हणायचं. कशाबद्दल दिलंय हे सांगायचं नाही. देणं कोणाकडे किती राहिलं, हे कोणीच मोजत नसे, आणि ते कधी फिटतही नसे. आज आमची वाटी त्यांच्याकडे, उद्या त्यांची आमच्याकडे. दोन घरांमध्ये एक भांडं सतत उधार असे.

आम्ही घाटावरचे, सातारा जिल्ह्यातले. आमच्या स्वयंपाकात शेंगदाणा, कांदा-लसूण मसाला, ज्वारी. ओला नारळ पूजेपुरता. चौदा नंबर मालवणकडचे. त्यांच्याकडून येई काळ्या वाटाण्याची उसळ, तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, सोलकढी, आंबोळ्या. तिरफळ पहिल्यांदा दाताखाली आलं तेव्हा जीभ बधिर झाली आणि मी घाबरून रडले होते. आईनं ती आमटी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी मामींना विचारून आली: तिरफळ चावायचं नसतं, ठेचून घालायचं आणि खाताना बाजूला काढायचं. दोन नंबर पद्मशाली, घरात तेलुगू बोलत. गिरणगावात विणकामाला आलेली अशी कितीतरी घरं होती. अम्माच्या वाटीतून चिंचेचा भात येई, कढीपत्ता आणि शेंगदाणे तेलात कडक तळलेले. आईचं सगळं आयुष्य दोन जिल्ह्यांत गेलं. त्या फडताळाशेजारच्या स्टोवर मात्र ती तीन मुलखांचा स्वयंपाक करायची, आणि त्यातलं एकही तिनं वाचून शिकलेलं नव्हतं.

मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत डंकावर मसाला कुटायला बायका एकत्र जात. आई मामींच्या पायलीतून थोडा मालवणी मसाला घेई, मामी आमच्यातला थोडा. दोन्ही घरांत दोन बरण्या असत, एक आपली आणि एक त्यांची.

विरजण. दूध कोमट, वाटीत चमचाभर दही. आपलं विरजण आंबट झालं, तर सोळा नंबरकडून आणायचं. त्यांचं बिघडलं की त्या आमच्याकडे येत, म्हणजे आमचंच आम्हाला आणि त्यांचंच त्यांना फिरून येई. सगळ्या मजल्याचं दही एका चवीचं होतं. दिवेलागणीनंतर दही, मीठ, हळद कोणी देत नसे. म्हणून आई रातपाळीचा डबा भरण्याआधी, उन्हं असतानाच मला पिटाळायची.

वाळूतला केक. हा आमच्या मजल्यावरचा पहिला मोठा नाद. १९७६ किंवा ७७ असेल. मामींची बहीण दादरला शिवणवर्गाला जायची, तिथून ती कृती घेऊन आली. पंपाच्या स्टोवर जाड पातेलं, त्यात चाळून धुतलेली वाळू. वाळू चांगली तापली की तिच्यावर ॲल्युमिनियमचा डबा, आतून डालडाचा हात फिरवलेला. वर तवा, तव्यावर निखारे, म्हणजे वरूनही आच लागते. निखारे आणायला बंबवाल्या घरी जायचं, ते सात नंबर. व्हॅनिलाची बाटली सोळा नंबरच्या ताईंनी आणली. अंडी घालायची की नाही यावरून दोन तट पडले. मामींनी दोन्ही प्रकार करायचे ठरवले.

पहिला केक मध्ये कच्चा राहिला. तो कच्चाच सगळ्यांनी खाल्ला. गॅलरीत एका ताटलीत अठरा तुकडे आणि प्रत्येकीचं मत. सात नंबर म्हणाली, वाळू आधी तापायला हवी होती. अम्मा म्हणाली, पीठ सैल झालं. दुसरा करपला. तिसऱ्या वेळी सुरी कोरडी बाहेर आली तेव्हा मामींनी ती सुरी उंच धरून गॅलरीभर दाखवली. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आठवतो तो पहिला, फसलेला केक. नवा पदार्थ फसतो तेव्हाच त्याला माणसं लागतात. काय चुकलं हे सांगायला दुसऱ्याची जीभ लागते.

पुढे सोळा नंबरनं ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन घेतला, झाकणाला काचेचा झरोका असलेला. महिनाभर तो ओव्हन मजल्यावर फिरत होता. दोनदा फ्यूज उडाला आणि सगळी चाळ अंधारात बसली. तरीही ओव्हन बंद करा, असं कोणी म्हटलं नाही.

बेकरीतली नानकटाई. दिवाळीच्या आधी आणि मेच्या सुट्टीत. मैदा, पिठीसाखर, तूप घरचं. भट्टी बेकरीची. पत्र्याच्या थाळ्यांत गोळे मांडायचे, प्रत्येकीचा ठसा वेगळा: कोणी बोटानं खळगा करी, कोणी चारोळी लावी, आई काट्याच्या चमच्यानं चौकटी पाडी. चिठ्ठीवर खोली नंबर. ब्रेड निघून भट्टी निवू लागली की बेकरीवाला आमच्या थाळ्या आत सारी, थाळीमागे पैसे घेई. आम्ही मुलं फुटपाथवर रिकाम्या पत्र्याच्या डब्यांवर बसून असू. घरी येईपर्यंत डबा गरम राही, आणि दारात पोचण्याआधी त्यातल्या निम्म्या जिन्यातच वाटून संपत.

मिलो. हा प्रयोग हौसेचा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळे, तिचं नाव मिलो. आई ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, पण मिलोची भाकरी तिच्या हातानं थापली जाईना. कडा चिरत. रंग तांबूस, वास उग्र. तिनं त्याची धिरडी केली, ताक घालून. अम्मानं भिजत घालून वाटली आणि आंबवली. चौदा नंबरनं गूळ घालून घावन केलं. कोणाचं जमलं ते वाटीतून फिरे. गावी माणसं खडी फोडायच्या कामावर होती आणि मुलांना सुकडी वाटली जात होती, हे पत्रांतून कळे. त्या वर्षीच्या वाट्यांमध्ये फार थोडं असे. पण नवं काहीतरी असे.

वाटी हे माप. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. आमच्या मजल्यावर त्याची एकच प्रत होती, सोळा नंबरची, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. कमलाबाईंनी मापं वाटी-चमच्यानं दिली. तराजू नसलेल्या घरांना त्यामुळे पुस्तकातला पदार्थ करता आला, हे मोठं काम होतं. त्याच्या साठ वर्षं आधी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांनी एक हजार पाकक्रियांचं 'गृहिणी-मित्र' लिहिलं होतं. ते मी पुष्कळ उशिरा पाहिलं. आमच्या मजल्यावर वाद निघे तो एकच: वाटी कोणाची? अकराची वाटी मोठी, चौदाची लहान, दोनची खोल आणि अरुंद. हा मुद्दा पुढे येणार आहे.

खिरापत. नवरात्रात गच्चीवर भोंडला. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर, आणि शेवटी डबा हलवून आतला पदार्थ ओळखायचा. आवाज, वास, ज्या घरून डबा आला त्या घराचा स्वभाव, इतक्यावरून. ओळखला गेला की ती घरवाली हरली. म्हणून वर्षभरात कुठेही नवं काही दिसलं, की ते भोंडल्यासाठी राखून ठेवलं जाई. मिल्क पावडरची बर्फी, ब्रेडचे गुलाबजाम, सोयाबीनच्या वड्यांचा चिवडा, बिटाचा हलवा हे सगळं मी पहिल्यांदा खिरापत म्हणून खाल्लं. सोयाबीन कोणालाच ओळखता आलं नव्हतं. खाल्ल्यावरही नाही.

खानावळ. गावाहून एकटे आलेले गडी एका गाळ्यात दहा-पंधरा राहत, पाळी बदलली की झोपायची जागा बदलत. त्यांचं जेवण एखाद्या घरी लागलेलं असे. पाच नंबरमध्ये आठ जण जेवत. त्या बाईंना उसनवारीच्या व्याजातून सोडवायचं काम प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळानं केलं, १९७५ पासून. पैसे देऊन जेवणारी माणसं होती, पण ताट घरातलं होतं. घरात गोड झालं की त्यांच्याही ताटात गोड पडे.

न गेलेली वाटी. हीही या यादीत हवी. तीन नंबरला आमच्याकडून वाटी जात नव्हती आणि त्यांच्याकडून येत नव्हती. त्यांचा नळ तोच, पाळी तीच, गणपतीची वर्गणी तीच. मुलगी माझ्या वर्गात होती. आम्ही शाळेत डबा एकत्र खायचो, आणि चाळीच्या जिन्यात शिरलो की ते थांबायचं. मी कधी विचारलं नाही. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजनं भरवली, रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली, कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी मंगळसूत्र मोडलं. हे आम्हाला शाळेत शिकवलं, आणि सातारा तर आमचाच जिल्हा. तरी अकरा नंबर ते तीन नंबर हे आठ दारांचं अंतर माझ्या आईनं ओलांडलं नाही. चाळीतल्या प्रेमाबद्दल बोलताना मला हे गाळता येत नाही. या सात भांड्यांत तीन नंबरचं एकही नाही.

संपातली वाटी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. वडील साचे चालवायचे. पहिले दोन महिने वाट्या नेहमीसारख्या फिरल्या. मग आमटी पातळ झाली. मग वाटीत आमटीऐवजी कच्चं येऊ लागलं, मूठभर तूरडाळ, दोन कांदे, गावाहून आलेले वरी-तांदूळ. झाकणी मात्र असे. आत काय आहे ते दुसऱ्या घराला दिसू नये, म्हणून आता झाकणी जास्त घट्ट बसवलेली असे. पाच नंबरच्या खानावळीतले आठांपैकी सहा गावी निघून गेले. उरलेल्या दोघांचे पैसे त्या बाईंनी मागितले नाहीत. वर्ष संपता संपता चौदा नंबरवालेही गेले. खोली विकून, कुडाळकडे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मामींनी शेवग्याच्या पाल्याची भाजी पाठवली, खोबरं घालून. ती वाटी परत करायची राहिली. सकाळी दहाला मी शाळेतून आले तेव्हा दाराला कुलूप होतं.

मॅगी. १९८३. एका पाकिटात सहा मुलं. कृती पाकिटाच्या पाठीवर छापलेली होती, त्यामुळे कोणाला काही विचारावं लागलं नाही.

मंचुरियन. नेल्सन वांग या आचाऱ्यानं मुंबईतच हा पदार्थ १९७५ च्या सुमारास पहिल्यांदा केला, असं सांगतात. आमच्या मजल्यापर्यंत तो पोचायला पंधरा वर्षं लागली. सोळा नंबरच्या ताईंनी तो केला तेव्हा कोबीची भजी सॉसमध्ये बुडवून वाट्यांतून वाटली. भिशीच्या दिवशी. त्यानंतर १९९३ मध्ये टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झालं आणि बायका वही-पेन घेऊन बसू लागल्या, पण ज्या त्या आपल्या खोलीत. तोवर प्रत्येकीकडे टीव्ही आला होता.

आईची वही. दोनशे पानी, रेघी. तीत पदार्थांना नावं नाहीत, घरं आहेत. "सोळाची वडी." "दोनचा भात." "सातचं लोणचं, मीठ जास्त सांगतात, कमी घालावे." "चौदाचा केक." नाद आला आणि गेला तरी कृती माणसासकट राहिली. माझ्या फोनमध्ये साठवलेल्या साडेतीनशे कृती आहेत. त्यातल्या एकीशीही कोणाचा हात जोडलेला नाही आणि केलेल्या असतील वीसेक.

श्रीखंडाचा डबा. हा नेमका कधी शिरला सांगता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी असेल. प्लास्टिकचे झाकणाचे डबे रिकामे होऊन घरात साठू लागले. मग कोणाला काही द्यायचं तर त्यातून दिलं जाऊ लागलं, आणि देताना एक वाक्य जोडलं गेलं: "डबा परत नको देऊ गं." समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून मीही ते शेकडो वेळा म्हटलं आहे. पण या वाक्यानंच वाट्यांचं फिरणं थांबलं, असं मला भांडी मोजताना ठाम वाटलं. देणं आजही आहे. दिवाळीचा फराळ अजूनही घरोघर जातो, गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरातून नेवऱ्या आणि दोदोल हिंदू शेजाऱ्याकडे येतो, चतुर्थीला उलट वाटेनं नेवऱ्या जातात. माणसं आखडलेली नाहीत. परत जायची वाट तेवढी संपली. डब्याला पत्ता उरला नाही.

मार्च २०२०. तेव्हा मी ठाण्यात सातव्या मजल्यावर राहत होते. टाळेबंदीत डालगोना कॉफीचा नाद आला: इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी सारख्या मापानं घेऊन घोटत बसायचं, फेस घट्ट झाला की थंड दुधावर घालायचा. मी चाळीस मिनिटं हातानं घोटली. छान झाली. गॅलरीत उभी राहून प्यायले. ती कडू झाली होती की बेताची, हे मला आजही कळलेलं नाही, कारण दुसऱ्या कोणी ती चाखली नाही. साथीच्याच काळात, पुढच्या वर्षी, समोरच्या दारात सगळं घर आजारी पडलं तेव्हा चौदा दिवस मी डबे ठेवले. दारात स्टूल, स्टुलावर डबा, बेल वाजवून मागे सरकायचं. सगळे डबे वापरून टाकायचे. परत घ्यायचं काही नव्हतं, घेताही आलं नसतं. बरे झाल्यावर त्यांनी दारातून हात जोडले. मला फार अवघडल्यासारखं झालं. वाटीत चिमूटभर साखर आली असती, तर हात जोडायची वेळ त्यांच्यावर आली नसती.

नाचणी. मामी तान्ह्या मुलांसाठी नाचणीचं सत्त्व करायच्या, फडक्यातून गाळून, उन्हात वाळवून, आणि मजल्यावरच्या प्रत्येक बाळंतिणीला एक वाटी. २०२३ हे जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. तेव्हा माझ्या सुनेनं नाचणीची बिस्किटं मागवली. चांगली होती.

आता चौदाचा केक. वहीत आईच्या अक्षरात कृती आहे: मैदा एक वाटी, साखर पाऊण, तूप अर्धी. मी लग्नानंतर तो कितीदा केला असेल. दरवेळी घट्ट बसायचा, मध्ये दबायचा. मी दोष कधी ओव्हनला दिला, कधी हाताला. आई म्हणायची, मामींसारखा नाही झाला. परवा भांडी मोजून झाल्यावर वही पुन्हा उघडली आणि पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, पुसट: "१४ च्या वाटीने." मापं वाटीची होती, पण दूध कपानं होतं, अंडी दोन, बेकिंग पावडर चमच्यानं. ती बदलत नव्हती. मी आमची मोठी वाटी वापरत आले होते, त्यामुळे मैदा, साखर, तूप सगळं वाढत होतं आणि दूध, अंडी, पावडर तितकीच राहत होती.

दोन्ही वाट्या पाण्यानं भरून मोजल्या. आमचीत १७० मिलिलिटर मावतं. त्यांचीत १२०.

टिंबांच्या नावाच्या वाटीनं मैदा मोजला. केक फुगला. सुरी कोरडी आली.

मग उरलेली भांडी बांधली. आमच्या वाट्या बारा होत्या, आईच्या लग्नातल्या, सगळ्यांवर वडिलांचं नाव. फडताळात, मोरीवरच्या फळीवर, देवाजवळ, सगळीकडे शोधलं. आठ मिळाल्या. चार बाहेर आहेत.